हार्लनची नजर आणि कोराचा सेकंद काटा

ऐका, मी पत्त्यांचं टेबल बोलतोय. पश्चिम टेक्सासात, ओडेसाच्या बाहेर, वेंडेल ग्रब्सच्या वेल्डिंगच्या दुकानामागच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. तेलविहिरीच्या जुन्या नळ्या कापून वेंडेलनं माझे पाय केले, वर ओकची फळी टाकून हिरवं कापड ताणलं. पहिल्याच रविवारी विहिरी खोदणाऱ्या एका ड्रिलरनं दुसऱ्याच्या बोटांमधून माझ्यात चाकू खुपसला. आपण कुठल्या घरात जन्माला आलोय ते मला तेव्हाच कळलं.

चर्च सुटलं की माणसं माझ्याभोवती जमत. धुरावर शिजवलेलं मांस, पांढरा पाव, काकडीचं लोणचं खात, बोटं माझ्याच कापडाला पुसत. वर डाव चाले, खाली त्यांचे पाय. हात खोटं बोलायला शिकतात, पाय काही शिकत नाहीत. वेंडेलचंच बघा ना, चांगली पानं आली की त्याचा गुडघा माझ्या पायावर टकटक करायचा.

हे हार्लन स्टोव्हलला पक्कं ठाऊक होतं. हार्लन म्हणजे आमचा राजा! त्याला पत्त्यांचं फारसं पडलेलं नसे, तो माणसं वाचायचा. घाबरट असेल त्याला दमात घ्यायचा, हावऱ्याला गळ टाकायचा. त्याची मुलगी कोरा क्रेन चालवायची. खेळ बापाकडून शिकली, पण पुढे संगणकापुढे बसून भलतंच काही शिकून आली.

"अगं, त्या डेलचे कान बघ, कसे लाल झालेत!" समोरच्या खेळाडूकडे बघत हार्लन तिच्या कानात म्हणायचा. "हातात काही नाही त्याच्या. हाण की!"

"उद्या त्यानं तुम्हाला फसवायला कान लाल केले तर?"

"कान काय ठरवून लाल करतं होय कोणी?"

"मी कोणाच्या कानाकडे बघतच नाही, बाबा. माझा खेळ समोरच्याला सगळा कळला तरी त्याला माझं वाकडं करता येऊ नये, एवढंच मी बघते."

"असं मशीनसारखं खेळून पोट भरतं का?"

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होती. कच्च्या खेळाडूला हार्लन सोलून काढायचा, कोरा त्याच्याकडून थोडकंच न्यायची. पण दुसऱ्याच्या खोडीवर झेप घेताना हार्लनची स्वतःची कूस उघडी पडायची. कोराची कधी पडली नाही. कमजोर पानं आली तर कितीदा थाप मारायची आणि कितीदा पानं टाकून डाव सोडायचा, याचं प्रमाण तिनं ठरवलेलं होतं. पण मनावर सोडलं तर मनाला सवयी लागतात. म्हणून ती मनगटावरच्या घड्याळात बघायची. सेकंद काटा वरच्या उजव्या भागात असला की थाप, नाहीतर पानं खाली.

"मलाच आधी माहीत नसतं, मग बाबांना काय कळणार?" वेंडेल माझं कापड बदलत असताना तिनं हे त्याला हसत हसत सांगितलं होतं. "त्यांना सांगू नकोस हं. त्यांना माझ्यातली एवढी एकच गोष्ट वाचता येत नाही. राहू दे तशीच."

मग तो रविवार आला. पैज मोठी झाली होती, डेल समोर घाम पुसत होता. कोरानं घड्याळात पाहिलं, आणि त्याच क्षणी मागचं दार धाडकन उघडलं. तोंडं बांधलेली तीन माणसं बंदुका रोखून आत आली. एकानं हार्लनच्या कानशिलात बंदुकीचा दस्ता हाणला. सगळ्यांची तोंडं माझ्यावर दाबली गेली. कोणाचा तरी दात माझ्या कापडात रुतला. पैसे आणि सगळ्यांची पिस्तुलं घेऊन ते निघून गेले.

"कडी आतून काढलेली होती," हार्लन रक्त पुसत म्हणाला. "आपल्यातलाच कोणीतरी."

"कोरा घड्याळ बघत होती," वेंडेल हळूच म्हणाला. "सारखी बघते हल्ली."

सगळ्यांनीच ते पाहिलं होतं. हार्लन वळला. "काय बघत होतीस?"

कोरानं बाही घड्याळावर ओढली. "काही नाही."

ती खोटं बोलली, हे त्यानं बरोबर ओळखलं. कशाबद्दल, ते मात्र चुकला. अख्खं आयुष्य माणसं वाचण्यात घालवलेला तो माणूस! त्यानं तिचा उजवा हात माझ्यावर दाबून धरला आणि कोपऱ्यातला हातोडा उचलला.

"बाबा, ते खेळासाठी..."

हातोडा पडला. तिची हाडं माझ्यावर फुटली, तो आवाज मी अजून विसरलो नाही. मी लाकूड असलो तरी त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

"वेंडेलला विचारा!" ती किंचाळली. "घड्याळ कशाला बघते ते त्याला सांगितलंय मी!"

सगळे वेंडेलकडे वळले. हातात एकही पान नसताना वेंडेलचा गुडघा माझ्या पायावर थडथडत होता. माझ्यावरच्या पैजेच्या चकत्या खुळखुळू लागल्या.

"दार तेवढं उघडं ठेवलं रे," वेंडेल रडायला लागला. "कोणाला हात लावणार नाही म्हणाले होते. आणि तू पोटच्या पोरीला मारशील असं वाटलं नव्हतं मला."

हार्लननं त्याला पुढे बोलूच दिलं नाही, हातोडा परत उठला. डेल आणि बाकीचे धरायला धावले, पण तोवर वेंडेल माझ्यावर पालथा पडला होता. त्यानं बनवलेल्या टेबलावरच तो मेला.

मग हार्लन माझ्यासमोर बसला. आपला उजवा पंजा त्यानं कापडावर पसरला, हातोड्याचा दांडा कोराकडे केला.

"मार."

तिनं डाव्या हातानं हातोडा उचलला. "ओळखा बघू, बाबा. मारीन मी?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "नाही गं," तो शेवटी म्हणाला. "नाही ओळखता येत."

तिनं हातोडा खाली टाकला आणि मागे न बघता निघून गेली. शेरीफ आला तेव्हाही हार्लनचा पंजा माझ्यावर तसाच पसरलेला होता.

आता मी सरकारी गोदामात आहे, पुरावा म्हणून. कापड काळं पडलंय, पायांना गंज चढलाय. खटल्याचा निकाल लागला की मला जाळतील म्हणतात. खुशाल जाळा. मला जे ठाऊक आहे ते मला कोणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी मला तोंड नाही. पण कोरा साक्षीला येईल. तिचा उजवा हात शपथेला नीट वर होणार नाही, तेव्हा तिला घाई करू नका. आणि ती जे सांगेल ते तिच्या चेहऱ्याकडे न बघता ऐका.