कोपऱ्यातलं नाव

फोटोतल्या शेजारच्या पाण्याचा तुकडा उचलून तिनं अक्षरांवर आणून ठेवला. 'वाले' पुसलं गेलं. 'पंप' पुसायला घेतलं आणि तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

फोटो सकाळी छापखान्याच्या मालकांनीच नेटवरून उतरवून दिला होता. उथळ पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, मागे धुकं. नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी असे बारा फोटो होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यातलं नाव काढून टाकणं हे तिचं काम. नावं ती वाचत नसे. वाचली की हात जड होतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

'पंपवाले' हे तिच्या वडिलांचं टोपणनाव. पाणीपुरवठ्याच्या पंपावर छत्तीस वर्षं काढली म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं. निवृत्त झाल्यापासून ते पहाटे तलावावर जात, पक्ष्यांचे फोटो काढत आणि कोपऱ्यात हेच नाव घालून पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर टाकत.

ती मालकांच्या टेबलाशी गेली.

"हा बगळ्याचा फोटो माझ्या वडिलांचा आहे."

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे वा! मग घरचंच झालं की. विचारायचीसुद्धा गरज नाही."

"खाली त्यांचं नाव राहू दे ना."

"एकाचं ठेवलं की बाकीच्या अकरा जणांना काय सांगू? चारला छपाईला द्यायचंय. आटपा."

ती जागेवर येऊन बसली. भांडायचं म्हटलं तर आधीच्या पाच वर्षांत पुसलेल्या नावांचंही बोलावं लागलं असतं, आणि तेवढी ताकद अंगात उरली नव्हती. चारच्या आत तिनं 'पंप'ही पुसलं. काम बेमालूम झालं.

दीड महिन्यानं, एका रविवारी सकाळी, वडिलांनी तिला कॉम्प्युटरपाशी बोलावलं.

"दातांच्या डॉक्टरांकडे माझा बगळा भिंतीवर टांगलाय," ते म्हणाले. "खाली नाव मात्र भलत्याच कुणाचं."

ते नाव मालकांच्या भाच्याचं, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या फोनमध्ये स्वतःच्या चेहऱ्याखेरीज दुसरा फोटो नसे.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला तर! पण तोंडात कापूस होता." ते खुर्चीत जरा सरकले. "नाव पुसता येणार नाही असं काही करता येतं का गं?"

ती त्यांच्या शेजारी बसली. मोठी फाइल स्वतःकडेच ठेवायची, ग्रुपवर लहान टाकायची, म्हणजे कुणी मोठी करून छापायला घेतली तर फुटते, धूसर येते, हे तिनं सांगितलं.

"आणि नाव कोपऱ्यात नको. ते पाच मिनिटांत जातं. पाणी काय, सगळीकडे सारखंच. थोडं उचलून वर ठेवलं की झालं. नाव पंखावर घ्या, पिसं दाट असतात तिथं. मग ते काढायचं तर पीस न् पीस नव्यानं रंगवावं लागतं. मान दुखून येते, आणि तरी नीट..."

ती थांबली. वडील स्क्रीनकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"बाबा, ते मी..."

"कॅलेंडरवर तुमच्या छापखान्याचा पत्ता आहे," ते म्हणाले. "आणि फोटोचं काम तिथं तू एकटीच करतेस."

तिनं टेबलावरची नसलेली धूळ बोटानं गोळा केली.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? येतेस तेव्हा डोळे लाल असतात तुझे. जेवतानासुद्धा मान चोळत असतेस." त्यांनी कालचा फोटो उघडला. पाण्यातून नुकतीच उठलेली पाणकोंबडी होती. आपलं नाव त्यांनी सावकाश टाइप केलं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "उद्या हाही तुझ्याच पुढ्यात आला तर? दिवसभर पिसं रंगवत बसशील. इथंच बरं आहे ते."

त्यांच्या हाताखालून तिनं माऊस काढून घेतला, कोपऱ्यातलं नाव उचललं आणि पंखावर, पिसांच्या दाट घडीत आणून ठेवलं. दोनदा सरकवून पाहिलं. मग थोडं मोठं केलं.

"अगं, तुलाच त्रास होईल."

"होऊ दे," ती म्हणाली आणि तिनं पुढचा फोटो उघडला.