परीक्षेच्या फाटकाजवळचा टोपला

माझ्या मालकिणीची लेक सुवर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला अमोल झाला, त्याच साली माझाही जन्म झाला. साल होते २०१०. मित्रांनो, मी एक जुना टोपला आहे. नाशिकच्या एका बुरुडाने बांबूच्या ओल्या कामट्या काढून मला विणले आणि मखमलाबादचे मोतीराम काकड मला घरी घेऊन आले. त्यांची फुलशेती होती. तोडलेला झेंडू आणि शेवंती माझ्यात भरून फुलबाजारात न्यायची, हे माझे काम. मोतीरामभाऊंच्या पत्नी मालनबाई मला डोक्यावर घेत. "याच्यात फूल दबत नाय," असे त्या चारचौघींत सांगत, तेव्हा मी हरखून जाई.

मालनबाईंना पन्नाशीपर्यंत सही येत नव्हती. सुवर्णा त्यांची लेक. ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. हार ओवता ओवता तिने रद्दीच्या कागदावर आईला अक्षरे शिकवली. 'ग गा गि गी' म्हणत मालनबाई सुई चालवायच्या.

"आई, वेलांटी अशी काय काढली? विळा दिसतोय तो."

"विळ्यानंच पोट भरतंय आपलं. राहू दे."

मे महिन्यात सुवर्णाचा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. परीक्षेचे केंद्र नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका कॉलेजात होते. अमोल तीन महिन्यांचा होता, म्हणून मालनबाई सोबत गेल्या. वाटेत त्यांनी बाजारात माझ्यातला झेंडू ओतून दिला, मग माझ्यात जुने लुगडे अंथरून नातवाला निजवले आणि फाटकाजवळच्या निंबाखाली बसल्या. पण घाईत त्यांनी मला उपडे करून झटकले नाही. माझ्या तळाच्या विणीत एक मुंगळा राहिला होता. मला तो जाणवत होता, पण टोपल्याला कुठे तोंड असते.

तासाभराने मुंगळा बाळाच्या टाचेला डसला. बाळ कळवळून रडू लागले. मालनबाईंनी खांद्यावर घेऊन पाहिले, पदराने वारा घातला, बाळ गप्प होईना. शेवटी त्या वर्गाच्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी हाक मारली, "सुवर्णे, पोरगं काळंनिळं पडलंय गं."

सुवर्णा पेपर अर्धा सोडून धावत आली. पाच मिनिटांत बाळ गप्प झाले. एकदा पेपर देऊन बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत, हे दोघींनाही माहीत होते. घरी आल्यावर टाचेवरचा लाल डाग दिसला आणि मालनबाईंनी मला उलटे केले. मुंगळा खाली पडला. मोतीरामभाऊ त्याला चिरडायला गेले तर त्या म्हणाल्या, "त्याचा काय दोष. हाक मी मारली."

सुवर्णा मनमाडला सासरी गेली. तिचा नवरा जीवन रेल्वेत होता. पुढच्या साली सासू आजारी, मग दुसरे मूल. तो पेपर राहिला तो राहिलाच. आईला ती कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मालनबाईंना टोचत राहिले.

लेकीची पुस्तके माहेरीच पडली होती. मालनबाईंनी ती उघडली. बोट ठेवून, एकेक ओळ दोनदा वाचून त्यांनी पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि पुढे त्याच केंद्रावरून बी.ए. केले. साल होते २०१६, त्यांचे वय अठ्ठावन्न. तोवर त्यांच्या धाकट्या लेकाने, नवनाथने, फुलांसाठी प्लास्टिकचे क्रेट आणले होते. मी गोठ्यातल्या खुंटीवर लटकत होतो. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. एकदा नवनाथ म्हणाला, "आई, हा टोपला चुलीत घाल आता."

"आधी तुला घालीन," मालनबाई म्हणाल्या. पण त्यांनीही मला खाली काढले नाही. मीच तो टोपला ना, मित्रांनो. माझ्याकडे पाहणे त्यांना जड जात असावे.

मग केंद्रावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. ज्याने त्याने उठून, आपण केंद्राला काय देणार ते सांगितले. कोणी कपाट, कोणी पंखे, कोणी पुस्तके. केंद्र चालवणाऱ्या भिमाजी सरांनी मालनबाईंना विचारले, "मावशी, तुमच्याकडून काय?"

"माझ्याकडं एक टोपला हे, सर."

सगळे हसले. सरही हसले. "टोपल्याचं आम्ही काय करू?"

"तुम्ही नका करू, मी करते. परीक्षेला बाया लेकरं घेऊन येत्यात. पेपर सुटंस्तोवर मी सांभाळीन. पण माझी एक अट हे. लेकरू कितीबी रडू दे, आईला हाक मारायची नाय."

तेव्हा कोणी हसले नाही.

त्या मे महिन्यापासून माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. मालनबाई मला दोन दिवस उन्हात ठेवायच्या, उपडे करून काठीने झोडपायच्या, आणि फाटकाजवळ पाण्याने भरलेल्या परातीत विटा मांडून त्यांवर ठेवायच्या. पाणी ओलांडून मुंगी येत नाही. तान्ह्याला माझ्यात, बाकीच्यांना गोधडीवर. प्रत्येक बाळाच्या मनगटाला दोऱ्याने एक फूल बांधायच्या आणि तेच फूल त्याच्या आईच्या केसांत. बाळांची नावे त्या विचारत नसत. झेंडू, शेवंती, बिजली, बस. कोणी रडले की खांद्यावर टाकून फेऱ्या मारायच्या, 'ग गा गि गी' म्हणत. मधली दोन वर्षे करोनामुळे परीक्षा घरून झाल्या, तेव्हा आम्ही दोघेही घरी बसलो. एरवी एकही मे चुकला नाही. एकाही बाईला पेपर सोडून उठावे लागले नाही.

दर वर्षी त्या मनमाडला फोन करायच्या. "सुवर्णे, पुन्हा नाव घाल की. तुझं पोरगं काय आता टोपल्यात मावतंय व्हय?"

"बघू, आई," सुवर्णा म्हणायची. इतकेच.

२०२४ साली मालनबाईंना पोटाचे दुखणे लागले. एप्रिलअखेर दवाखान्याने घरी पाठवले. सुवर्णा आली. परीक्षा तोंडावर होती. मालनबाईंनी मला खाटेजवळ आणायला लावले आणि माझ्या काठावर हात ठेवला.

"या खेपेला तू बस फाटकाशी."

"तुझ्यापाशी बसू, का फाटकापाशी?"

"मी कुठं रडतेय?"

सुवर्णा हसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मग मालनबाई चौदा वर्षे पोटात ठेवलेले बोलल्या. "मी तवा हाक मारायला नको होती गं."

"लेकराचं रडणं मला आत ऐकू आलं होतं, आई. तू हाक मारायच्या आधीच मी पेन ठेवला होता."

मालनबाईंनी लेकीकडे पाहिले. "खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण बोल."

ते खरे होते की खोटे, हे मला आजवर कळलेले नाही.

मंगळवारी पेपर दहा ते एक होता. सुवर्णाने परात मांडली, विटा ठेवल्या, मला झटकले. तीन बाळे आली. बिजली माझ्यात, झेंडू आणि शेवंती गोधडीवर. पावणेबाराला तिचा फोन वाजला. नवनाथ होता.

"ताई, आई गेली. निघ लगेच."

सुवर्णाने वर्गाच्या खिडकीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "पेपर सुटायला सव्वा तास हे."

"मी काय म्हणतोय, कळतंय का तुला?"

"कळतंय, नवनाथ. तीन लेकरं हायेत माझ्यापाशी. आयांना बोलवलं तर तिघी उठून येतील."

तिने फोन पिशवीत ठेवला. तेवढ्यात बिजली जागी झाली आणि रडू लागली. सुवर्णाने तिला उचलून खांद्यावर घेतले. वर्गाची खिडकी वीस पावलांवर होती. ती तिकडे गेली नाही. निंबाभोवती फेऱ्या मारत राहिली. 'ग गा गि गी', तिचा आवाज मध्येच अडत होता, पुन्हा लागत होता. बाळाचे डोके तिच्या आसवांनी ओले झाले.

एक वाजता घंटा झाली. बिजलीची आई तेजस्विनी धावत आली. "फार रडली का हो, ताई?"

"नाय," सुवर्णा म्हणाली. "पेपर पुरा झाला ना?"

"झाला."

मग तिने परातीतले पाणी निंबाला ओतले, मला काखेत घेतले आणि द्वारकेच्या दिशेने रिक्षासाठी धावत सुटली.

मित्रांनो, आता माझ्या दोन कामट्या तुटल्या आहेत. सुवर्णाने काठ तारेने बांधून घेतला आहे, मेमध्ये मी पुन्हा निंबाखाली असतो. ज्या फाटकातून शिकून बाहेर पडलात, तिथे कधीतरी परत जा. कपाट देता आले तर द्या, पंखा द्या. काहीच नसेल तर घटकाभर बसा, कोणाचे तरी ओझे तेवढा वेळ धरा. जुना टोपला दिलात तरी चालेल. फक्त आधी उपडा करून झटकून घ्या.

मालनबाई मोतीराम काकड, बी.ए., मंगळवार, १४ मे २०२४ रोजी सकाळी साडेअकरा वाजता मखमलाबादला राहत्या घरी वारल्या.