पोव्हाटनांसाठी तीळपाणी

ठाकुरद्वारच्या अण्णांची चाळीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात गेली, आणि तिथून ते एकच अक्कल घेऊन घरी आले: कागदावर नाही, म्हणजे नाही. सुनेनं आणलेली पापलेटंसुद्धा ते आधी बाजाराच्या चिठ्ठीत शोधत.

अशा गृहस्थांना म्हातारपणी खूळ लागावं कशाचं, तर पोव्हाटनांचं. पोव्हाटन म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, व्हर्जिनियातले मूळ लोक. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या तीसेक जमाती एका राजाखाली मासे मारून, मका पिकवून नांदत होत्या. मग इंग्रजांची गलबतं आली. जमीन गेली, माणसं गेली, शेवटी बोलीही गेली; रॅकून हा प्राणी, मोकॅसिन हा चामडी जोडा, असले चार शब्द तेवढे इंग्रजांच्या तोंडी राहिले. वाचनालयातल्या एका जुनाट ग्रंथात हे सगळं होतं आणि त्यावरून अण्णा मराठीत पुस्तक लिहीत होते.

सत्तावन साल होतं. खाली रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, वर गॅलरीत अण्णांचे पोव्हाटन. त्यांची सून सरोजिनी शाळेत शिकवायची आणि मोर्चात घसा बसवून घरी यायची. शेवटचं प्रकरण ऐकून ती म्हणाली, "अण्णा, सगळेच्या सगळे मेले? ग्रंथ आहे तरी कधीचा?"

"शंभर वर्षांपूर्वीचा. शेवटच्या पानावर छापलंय, वंश संपला."

"मी पत्र टाकून विचारते."

"मेलेल्यांना?" अण्णा म्हणाले. "टाक, टाक. पोस्टाची तेवढीच सोय."

ग्रंथात पोव्हाटनांच्या मुलखातली पामंकी नावाची नदी होती. तिच्या काठच्या पोस्टमास्तरांच्या नावे सरोजिनीनं खरंच पत्र टाकलं.

अण्णांना मात्र ते शेवटचं पान सोसवेना. मुंबईत मराठीला जागा राहावी म्हणून लाठ्या खाऊन आलेली वाडीतली पोरं पाहिली की त्यांना ते लोक आठवत. मागे नाव घ्यायलाही कोणी उरलं नाही. म्हणून सर्वपित्री अमावास्येला बाणगंगेवर आपल्या वाडवडलांचं आटोपल्यावर त्यांनी पुन्हा ओंजळीत तीळ घेतले आणि पोव्हाटनांच्या नावानं पाणी सोडलं. गंगाधरभटांनी भुवया वर केल्या, पण मंत्र म्हटला.

दिवाळीत उत्तर आलं. मातीची भांडी घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचं. सरोजिनी वाचत गेली.

"आम्ही इथेच आहोत. नदीत अजून आमची जाळी पडतात. जुन्या तहाप्रमाणे दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आमची माणसं गव्हर्नरच्या दारात हरीण नेऊन ठेवतात. भाषा गेली, हे खरं. पण राज्याच्या दप्तरात माणसांचे रकाने दोनच, गोरे नाहीतर काळे. आमचा रकानाच नाही, म्हणून कागदावर आम्ही नाही."

अण्णांचं धाबं दणाणलं. "सरोजिनी, मी जित्या माणसांना तीळपाणी दिलं गं."

दोन दिवस त्यांनी फराळाच्या ताटाला हात लावला नाही. तिकडे कोणाचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या ओंजळीमुळे, हे त्यांच्या मनानं घेतलं. तिसऱ्या दिवशी ते गंगाधरभटांकडे गेले. भटजी सुपारी कातरत बसले होते.

"त्यात काय घाबरायचं?" ते म्हणाले. "चुकून जित्याला मेला म्हटलं, की त्याचं आयुष्य वाढतं."

"शास्त्रात आहे हे?"

"शास्त्रात नाही. गिरगावात आहे."

"पण कागदावर नाही म्हणजे..." अण्णा म्हणाले आणि थांबले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अर्धवट सोडलं.

तरी कबुली देणं भाग होतं. पुस्तक छापायला गेलं होतं; छापखान्यात जाऊन त्यांनी शेवटचं प्रकरण मागे घेतलं. मग म्हातारीला विमानाच्या टपालानं सगळं लिहिलं: अमावास्या, तीळ, बाणगंगा. खाली लिहिलं, सांगाल ते प्रायश्चित्त घेईन. त्यानंतर पोस्टमन जिन्यावर दिसला की ते आत जाऊन बसत. जळ्ळं मेलं ते पत्र, असं एकदा पुटपुटलेही, आणि लगेच जीभ चावली.

मार्गशीर्षात पत्र आलं. अण्णांनी पाकीट न फोडताच सुनेच्या हाती दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुमचं पत्र मी चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं," सरोजिनी वाचू लागली. "लोक पोट धरून हसले. इथे सगळी खुशाल आहेत. तुम्ही पाणी दिलंत त्या महिन्यात आमच्यात दोन बाळं जन्मली. प्रायश्चित्त कसलं घेता? आम्हांला मेलेलं समजणारे आजवर पुष्कळ भेटले. आम्हांला तहान लागली असेल, असं वाटलेले तुम्ही पहिलेच."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. उपरण्यानं डोळे पुसत ते खुर्चीत बसले.

"सरोजिनी, पुन्हा वाच."

"कुठून?"

"बाळं जन्मली तिथून," अण्णा म्हणाले.