मावशीच्या फरशीवरचे बुडबुडे

"दोन्या रुफिना, तुमच्या मंतरलेल्या पाण्याला आमच्या आईच्या व्हिनेगरचा वास कसा हो येतो?"

प्रश्न माझा, पैज माझ्या मैत्रिणी युडेल्का आणि यानिरिसची. अख्ख्या गल्लीसमोर विचारायचा, आवाज कापू द्यायचा नाही. विचारला! अर्धी गल्ली आमच्या बैठकीत, उरलेली खिडक्यांना लोंबकळलेली. घरातली इडापिडा फरशीवरून धुऊन काढण्यात आमच्या मोका गावात दोन्या रुफिनांचा, म्हणजे रुफिनाबाईंचा, हात धरणारं कोणी नाही.

"नाक फार लांब झालंय, पोरी," त्या गोड हसल्या. "यात सतापाचा पाला आहे, सात विहिरींचं पाणी आहे. पिडा बसली असेल तिथेच ते उकळतं. पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. बैठकीत ओतलं, पाणी गप्प. वरच्या लाकडी खोलीत ओतलं, गप्प. मिरेया मावशीच्या खोलीत ओतलं आणि फस्स! फरशीभर बुडबुडे. बायकांनी छातीवर क्रूस काढले. निकाल लागला: नवऱ्याला सोडून आलेल्या मावशीनेच बाबांची पाठदुखी आणली, दूधही तिनेच नासवलं. रविवारच्या आत तिने घर सोडायचं. मावशी कपडे गोळा करत होती, आणि बाबा तिच्याकडे न बघता पाठ चोळत होते.

मला मात्र आईचा शनिवारचा कायदा आठवला. बैठकीच्या चकचकीत फरशीला बादलीभर पाण्यात वाटीभर व्हिनेगर. लाकडाला साबणाचा घट्ट पिळलेला फडका. मावशीच्या खोलीतल्या जुन्या, नक्षीदार सिमेंटच्या फरशीला फक्त साबणपाणी. तिथे एकदा मी व्हिनेगर ओतलं, तर आईने पाठीत धपाटा घातला होता, "खातं ते फरशीला!" तीच आई आता क्रूस काढत होती.

मी परसात धावले. कोंबड्यांच्या खुराड्याखाली मावशीच्या खोलीतल्या जुन्या फरशीचा तुकडा होता आणि बैठकीत बसवून उरलेली एक अख्खी नवी फरशी. जुना तुकडा बाबांच्या खुर्चीखाली ठेवला, नवी फरशी मावशीच्या खोलीत.

"ओता आता."

"देवाची परीक्षा घेतेस?" दोन्या रुफिनांनी बादली मागे ओढली.

"तर मग व्हिनेगरची घेते!" मी स्वयंपाकघरातली बाटली आणून दोन्हीकडे ओतली.

मावशीच्या खोलीतल्या नव्या फरशीवर व्हिनेगर गप्प. बाबांच्या पायाशी फस्स!

"अगं बाई, पिडा खुर्चीखाली गेली!" शेजारची ओनेइदा किंचाळली.

"मग रविवारी बाबांनी घर सोडायचं का?"

बाबा टुणकन उठले. पाठदुखी कुठल्या कुठे!

गल्ली हसत सुटली. मग मी सांगितलं: जुन्या फरशीत चुना असतो, संगमरवराची भुकटी असते. आंबट पाणी चुन्याला भिडलं की वायू सुटतो, त्याचेच बुडबुडे. नव्या फरशीवर काचेसारखा थर असतो, लाकडात चुनाच नसतो. अंड्याचं कवचही असंच फसफसतं. कोंबडीलाही घराबाहेर काढणार का?

"हिच्या पायगुणाने माझं पाणी बाटलं," म्हणत दोन्या रुफिना बादलीसकट निघाल्या. कोणी अडवलं नाही.

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मला तर माहीत होतं गं."

माहीत होतं सगळ्यांनाच, पण विचारायचं कोणी? एका बाईला घराबाहेर काढण्याआधी तेच पाणी दुसऱ्या फरशीवर ओतून बघायला कितीसा वेळ लागतो?

"आई, बाबा," मी म्हणाले, "मी ठरवलंय. आजपासून मी मावशीच्या खोलीत राहणार. ती गेली, तर मीही तिच्याबरोबर जाणार."