चौथा माणूस

"दात काढा, आई."

सूनबाईने कागदी पिशवी पुढे धरली. सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं, तोंडावर हात धरून कवळी काढली आणि पिशवीत टाकली. चष्मा मात्र सूनबाईनेच त्यांच्या नाकावरून ओढून घेतला. बाकीच्या प्रवाशांना तिने तो स्वतः काढायला सांगितलं होतं.

उड्डाणानंतर लगेच, चाकं आत घेताना, खालून मोठा आवाज झाला होता. डावं चाक धड आत जाईना, धड बाहेर पक्कं बसेना. इंधन कमी करायला कॅप्टन घिरट्या घालत होते. मग आहे तसंच उतरायचं. चाक मुडपलं तर आग लागणार, हे प्रवासी सोडून विमानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सूनबाई याच विमानात कामाला होती आणि सासूबाई तिच्याच सवलतीच्या तिकिटावर लेकीकडे निघाल्या होत्या. कायमच्या. त्यासाठी नवऱ्याला राजी करता करता सूनबाईच्या नाकी नऊ आले होते. सासूबाई चकार शब्द न काढता निघाल्या, हेही तिला खुपलंच.

ज्यांना भराभर चालता येत नाही त्यांना, बाकीच्यांची वाट अडू नये म्हणून, दारापासून लांब बसवायचं आणि प्रत्येकाच्या शेजारी एक धडधाकट माणूस द्यायचा, अशी पद्धत. प्लास्टरवाल्या गृहस्थांना माणूस मिळाला, गरोदर बाईला मिळाला. सासूबाईंचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. त्यांच्या शेजारचा दांडगा तरुण आपणहून म्हणाला,

"आजींना मी उचलून नेतो, ताई. काळजीच सोडा."

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"नको. तुम्ही पुढच्या दारापाशी चला. तिथे माणूस हवाय."

दारापाशी तिने आधीच तिघांना बसवलं होतं. चौथ्याचं तिथे काही काम नव्हतं.

"मग मला कोण नेणार गं?" सासूबाईंनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"मी आहे ना."

तिची जागा पुढच्या दाराशी होती. मध्ये अख्खं विमान होतं. पट्टा बांधताना तिला स्वतःची किळस आली, आणि हायसंही वाटलं.

चाक टिकलं. विमान थरथरत धावलं आणि थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. सगळे उतरल्यावर सूनबाई ती कागदी पिशवी घेऊन मागे गेली. सासूबाईंनी कवळी बसवली, चष्मा लावला आणि तिच्या हाताला धरून एकेक पायरी उतरल्या. खाली तो तरुण थांबला होता.

"ठीक ना, आजी? मला उगाच पुढे नेलं हो. तिथे आधीच तिघं होते."

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई "ठीक आहे, बाळा," एवढंच म्हणाल्या.

विमानतळावर आत येऊन सासूबाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच मुलाचा फोन आला. त्याचं रडणं फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"अरे, वेडा का तू? सूनबाई होती ना माझ्याजवळ. एक दांडगा मुलगा खास माझ्यासाठी शेजारी बसवून ठेवला होता तिने. मला उचलून न्यायला."

सूनबाई बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने खाली बसून सासूबाईंचा हात हातात घेतला.

सासूबाईंनी तो घेऊ दिला. तिच्या डोळ्यांत बघत त्या फोनवर पुढे म्हणाल्या,

"आता तुझ्या ताईकडे नाही जात रे मी. इतकं जिवापाड जपणारी सून सोडून कुठे जाऊ? मरेपर्यंत तुमच्याकडेच. थांब, तिलाच विचार."

आणि त्यांनी फोन सूनबाईच्या कानाला लावला.