वाडीतलं स्टूल

वर्ध्याच्या डॉक्टरने मला भाजी खायला सांगितली तेव्हा खरं तर हसू यायला हवं होतं. आला राग. मी कोकिळा, लग्न होऊन आले तेव्हापासून सेलूच्या आठवडी बाजारात भाजी विकते. माझ्या वाडीतल्या वांग्यांवर अर्धं सेलू पोसलं, आणि हा कालचा पोरगा चष्मा वर सरकवत मलाच सांगतो, "काकू, हिरव्या भाज्या वाढवा, भात कमी करा. गुडघे अजून चांगले आहेत, वजनाखाली दबलेत फक्त."

"मले भाजी खाले सांगते!" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी नवऱ्याला म्हणाले. उतरताना म्हणजे कठडा धरून, एकेका पायरीवर दम घेत.

आमचे हे, वासुदेवराव, मुळात कमी बोलणारे. त्यांनी गाडीला किक मारली आणि म्हणाले, "मंग, खातो का आपण?"

मी मागे बसले. खरंच आम्ही खात नव्हतो. भाजी पिकवणाऱ्यांच्या घरी चांगली भाजी शिजत नाही. माझ्या सासूबाईंचा तसा दंडकच होता: पहिला हात बाजाराच्या टोपल्यात. कोवळं, चकचकीत, सरळ ते सगळं गिऱ्हाइकाचं. घरात यायचं ते किडकं, वाकडं, नाहीतर काहीच नाही. मग बेसन, नाहीतर पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, नाहीतर डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात आणि त्यावर हिंगाच्या फोडणीचं तेल. बाजाराच्या दिवशी आलूबोंडे वेगळे. हिरव्या ढिगाऱ्यात बसून मी वर्षानुवर्षं पिवळंच खाल्लं, आणि अंग सुटत गेलं.

डॉक्टरकडे जायची वेळ आली ती बाजारातल्या फजितीमुळे. माझी जागा चिंचेखाली, पालक विकणाऱ्या प्रमिलाबाईच्या शेजारी. दिवसभर पोत्यावर मांडी घालून बसले, माल संपला, बाजार उठला आणि मी काही उठेना. एक हात टेकवला, दोन्ही टेकवले, गुडघ्यावर आले, परत बसले. शेवटी शेंगदाणेवाला आणि एक हमाल आले आणि त्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. "काकू, हमाली लागंन बरं," शेंगदाणेवाला म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण सगळे हसले, आणि मला पदर तोंडावर घ्यावा लागला.

त्या दिवशी ठरवलं, स्वतःच्या पायावर उठता येईल तेव्हाच परत येईन. कोणी म्हणेल, त्यात काय, स्टूल टाकून बसायचं. भाजी जमिनीवर मांडलेली असते. स्टुलावर बसलं की हात पुरत नाही, आणि गिऱ्हाईक खाली उकिडवं बसून वर बघतं, जणू ठाण्यात तक्रार द्यायला आलंय. त्या बाजारात बसायचं तर जमिनीवरच.

आणि बाजारातल्या जागेला सातबारा नसतो. जो बसतो त्याची जागा. चार बाजार पोतं अंथरलं नाही की तिथं दुसऱ्याचा कांदा येऊन पडतो. ती जागा माझ्या सासूबाईंची, त्यांच्या आधी त्यांच्या सासूची. ती माझ्या हातून जाणार, या विचाराने मला घास गोड लागेना. (अर्थात घास मी खातच होते.)

प्रमिलाबाई मात्र बाई मोठ्या मनाची. तिने निरोप पाठवला, "मी माहा पालक दोन्हीकडं पसरून बसतो. दिवाळीवरी जागा हालू देत नाई. तवावरी उठ म्हणा तिले."

दवाखान्यातच एका मुलीने मला व्यायाम दाखवला होता. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी धरायचे, हात न टेकवता उठायचं, पुन्हा बसायचं. "जमायला लागलं की जरा बुटकी खुर्ची घ्या," ती म्हणाली. "मग अजून बुटकी."

"बुटक्या खुर्च्या का झाडाले लागते?" मी घरी येऊन म्हणाले. दोन दिवस खुर्चीशी उठाबशा काढल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटलं, सोडून दिलं. वासुदेवरावांनी करवत बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी वाडीत बाभळीच्या लाकडाचं एक स्टूल तयार होतं, माझ्या गुडघ्याएवढं उंच. त्यावर बसून मी भाजी निवडायची, जुड्या बांधायच्या, आणि त्या मोटरसायकलवर लादून ह्यांनी ठोक बाजारात द्यायच्या, असं ठरलं. बसून राहायचं काम, मला आवडलं. फक्त एक त्रास होता. हा माणूस तोडलेला माल कधी माझ्या हाताशी ठेवायचा नाही. दर ढिगाऱ्यासाठी उठा, चार पावलं जा, आणा, बसा. "जवळ ठेवाले काय हात मोडते का तुमचे?" मी ओरडायची. "तिकडं सावली हाये," ते म्हणायचे. दोन्हीकडे सारखीच सावली होती.

घरात वेगळं युद्ध. माझी सून वर्षाली नुकतीच आली होती, आणि तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यात कोवळी वांगी उचलून घरच्या टोपलीत टाकली.

"अवं, तो बाजाराचा माल हाये!"

"आई, गिऱ्हाइकाले ताजं अन् तुमाले किडकं, असं काऊन?" ती म्हणाली. "तुमी काय घरच्या नाई?"

मी त्या दिवशी रुसून जेवले. पण त्या वांग्यांचं भरीत काय लागलं! आपल्याच वाडीतलं वांगं इतकं गोड असतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मग पालकाची पातळ भाजी, चवळीच्या शेंगा, दोडक्याची चटणी असं येत गेलं. भाताची मूद हळूहळू लहान झाली. चहात साखर आधी एक चमचा कमी, मग अर्धा. संध्याकाळी वाडीतून घरी येताना मी गाडीवर न बसता कालव्याच्या पुलापर्यंत पायी यायला लागले, हे गाडी ढकलत सोबत यायचे आणि तिथून मला गाडीवर घ्यायचे. पावसाळ्यात एकदा गप्पांच्या नादात पूल मागे पडला आणि आम्हाला दोघांनाही कळलं नाही. गाडी ढकलत ते घरापर्यंत चालत आले.

ब्लाऊज सैल झाले. वर्षालीने ते उसवून परत शिवले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सगळं खरं. पण ज्यासाठी हा खटाटोप, ते काही होईना. स्टुलावरून उठताना पहिल्या दिवशी जेवढा जोर लागायचा तेवढाच आजही. वैशाखात तेवढाच, श्रावणात तेवढाच, नवरात्रातही तेवढाच. रोज मनाशी म्हणायचे, आज हलकं जाईल. नाही. त्यात ते स्टूलही नाटकी. मधूनच डुगडुगायचं. मग वासुदेवराव ते घेऊन जायचे, "खिळा ठोकून आणतो," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर असायचं. मी त्या स्टुलाला, बाभळीला आणि माझ्या गुडघ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

दिवाळीच्या तोंडावर प्रमिलाबाई स्वतः वाडीत आली. लग्नकार्य सोडलं तर ती कोणाकडे जात नाही, म्हणून तिला बांधावर बघूनच मी समजले, काम जागेचं आहे. मी स्टुलावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते.

"कोकिळा, माह्या बहिणीची सून बसतो म्हणते त्या जागेवर," ती म्हणाली. "मी आतावरी थोपवलं. पण लोकं बोलून राह्यले. येत्या बाजाराले तू येतं का नाई, तेवढं सांग."

 तोंडावर आलेलं शेवटी बोलूनच टाकलं.

"देऊन टाका तिले. माह्याच्यानं होत नाई, प्रमिलाबाई. पाहा ना, होळीनंतर ह्या स्टुलावर बसून राह्यली. अजूनही उठाचं म्हटलं का तेवढाच जोर लागते. जमिनीवरून काय उठणार मी?"

प्रमिलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारून वाकून पाहिलं.

"कोणतं स्टूल?" ती म्हणाली. "हे? वो माय, हा तं पाट हाये!"

मीही खाली पाहिलं. रोज बसणाऱ्याला जे दिसत नाही ते बाहेरून आलेल्याला दिसतं. शेजारी भाजीचं रिकामं कॅरेट उपडं पडलं होतं. माझं स्टूल त्याच्याहून खाली होतं. माझे गुडघे छातीशी आले होते आणि मला वाटत होतं मी ऐसपैस बसलेय.

प्रमिलाबाई खोपटात शिरली. तिथं कांदे ठेवायचा लाकडी माच आहे, आणि त्याचे पाय ओलीत रुतू नयेत म्हणून खाली लाकडाच्या चकत्या घातलेल्या. त्या चकत्या मी उन्हाळ्यापासून बघत होते. माच जरा जरा उंच होतोय हेही बघत होते. तिने एक सुटी चकती उचलून आणली आणि माझ्या स्टुलाच्या पायाशी धरली. बाभळ तीच, जाडी तीच.

"अहो!" मी अशी ओरडले की बांधापलीकडचे बगळे उडाले.

वासुदेवराव वाफ्यातून सरळ झाले. हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी.

"तुमी ह्याचे पाय कापून राह्यले?"

"थोडे थोडे," ते म्हणाले.

"अन् मी इथं मरमर मरून राह्यली! रोज वाटे, काहीच फरक नाई! मले सांगता नाई आलं?"

"सांगतलं असतं तं तू बसली असती का?" ते म्हणाले. मग हातातली जुडी खाली ठेवून, "ते पोरगी म्हणे नं, बुटकी खुर्ची घ्या. बुटकी खुर्ची कुठं भेटते? मंग मीच केली."

मी तरातरा त्यांच्याकडे गेले. दोन्ही हातांत मेथी होती, तीच त्यांच्यावर उगारली. आणि मागून प्रमिलाबाई मोठ्याने हसली.

"कोकिळा! तू उठली कशी वो?"

मी थांबले.

"हातात तं जुड्या हाये तुह्या. काय टेकवलं तू?"

काहीच टेकवलं नव्हतं. रागाच्या भरात, पाटाएवढ्या उंचीवरून, दोन्ही हात भरलेले, मी उठून चालत आले होते. मला उठल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. मी तिथेच वाफ्यात उभी राहून रडले. प्रमिलाबाईपुढे रडायची मला लाज वाटली नाही. जिने माझी जागा उन्हापावसात स्वतःच्या पालकाने झाकून ठेवली, तिच्यापुढे कसली लाज?

"जागा नाई देत मी," मी नाक पुसत म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "ते बहिणीची सून तशी लई बोलते."

बाजाराच्या दिवशी पहाटे वांगी तोडली. पहिला हात घरच्या टोपल्यात गेला, आता तसाच जातो. दुसरा हात मी एका वेगळ्या पिशवीत टाकला, ती प्रमिलाबाईची. बाजारात तिच्या हातात दिली तेव्हा म्हणाले, "तुमच्यामुळं आज इथं बसली मी. जलमभर इसरत नाई." तिने पिशवीत डोकावून एक वांगं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "कोवळे हाये."

दिवसभर पोत्यावर बसले, जमिनीवर, चिंचेखाली. गिऱ्हाइकांनी विचारलं, कुठं होत्या काकू, बारीक झाल्या. मी सगळ्यांना सांभाराच्या दोन काड्या वरून टाकल्या. पण खरं सांगते, लक्ष भाजीत नव्हतं, संध्याकाळकडे होतं. पाट वेगळा आणि जमीन वेगळी.

बाजार उठला. शेंगदाणेवाला आपली टोपली सोडून माझ्याकडे यायला लागला, मागच्या वेळसारखाच बाह्या सारत. पलीकडे रस्त्यावर वासुदेवराव गाडीला टेकून उभे होते. ते मात्र जागचे हलले नाहीत.

मी पाय जवळ घेतले, जरा पुढे झुकले, हात छातीशी धरले. मांड्या थरथरल्या. क्षणभर वाटलं, गेलं. आणि मग चिंचेची खालची फांदी माझ्या डोळ्यांसमोर आली, म्हणजे मी उभी होते.

शेंगदाणेवाला तसाच थांबला. "अरे वा, काकू!"

"हमाली बुडाली तुह्यी," मी म्हणाले. आणि कोणाला योगायोग वाटू नये म्हणून पुन्हा खाली बसले आणि पुन्हा उठले. या वेळी प्रमिलाबाईने टाळ्या वाजवल्या.

आमच्या घरात नवऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही. गाडीवर मागे बसल्यावर बराच वेळ शब्द जुळवत राहिले. बाजाराच्या वाटेवरही तोच कालव्याचा पूल लागतो. शेवटी तो दिसू लागला तेव्हा म्हणाले, "तुमी नसते तं मी कोणाच्या तरी आधारानंच उठली असती आयुष्यभर. लई केलं तुमी माह्यासाठी."

"हवेनं काही ऐकू येत नाई," ते म्हणाले.

मी दुसऱ्यांदा म्हणाले, मोठ्याने, रस्त्याने जाणाऱ्या दोन सायकलवाल्यांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने. त्यांचे कान मागून लाल झालेले दिसले. पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं त्यांना.

पुलाशी त्यांनी गाडी थांबवली. मी उतरले, तेही उतरले, आणि गाडी ढकलत आम्ही घरापर्यंत चालत गेलो.