विमानातले पाच हिर्लेकर

पहिल्या मोहिमेवर हिर्लेकर दोघे भाऊ गेले आणि तिघे परत आले.

थोरला मार्तंड विमान चालवायचा. धाकटा श्रीपाद त्याच्या पाठीला पाठ लावून मागच्या मशीनगनवर बसायचा. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या तळावरून ते सकाळी उडाले. नदीच्या वळणावर एक गाव होतं, तिथं जपान्यांचा दारूगोळा आहे असं त्यांना सांगितलं होतं. गावावर बॉम्ब टाकून ते जेवायच्या वेळेला परतले. विमान टेकताना श्रीपादला आपल्या पायांशी कुणीतरी बसलेलं दिसलं. वीस-एकवीस वर्षांचा तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत राख.

"आप्पा, पाय आखडलाय माझा," तो म्हणाला. "हात दे जरा."

श्रीपाद आजवर धाकटाच होता. त्याला कुणी कधी आप्पा म्हटलं नव्हतं. त्यानं हात दिला.

मेसमध्ये कुणी काही विचारलं नाही. आठवड्यानं वेंगुर्ल्याहून आईचं पत्र आलं. 'तिघं एकमेकांना धरून राहा. सदूला थंडी बाधते, त्याला मध्ये झोपवा.' म्हणजे त्याचं नाव सदू होतं. त्यांनी त्याला मध्ये झोपवलं. मार्तंडनं आपला स्वेटर त्याला दिला. केसांतली राख मात्र कितीही धुतली तरी जाईना. श्रीपाद रोज त्याला हौदावर बसवून डोकं चोळायचा, आणि सदू डोळे मिटून, मान खाली घालून निमूट बसायचा.

त्याच गावावरच्या दुसऱ्या मोहिमेहून ते चौघे परतले, तिसरीहून पाच. चौथा सारखा हसायचा. पाचव्याला मार्तंडसारख्या मिशा होत्या. तो बोलायचा नाही, नुसता श्रीपादची बाही धरून चालायचा.

"दादा, आता जायला नको आपण," श्रीपाद म्हणाला.

"हुकूम आहे."

"आणखी एक आला तर?"

"आला तर आपलाच असेल," मार्तंड म्हणाला. पण त्या दिवशी तो पानावरून तसाच उठला.

चौथ्या मोहिमेच्या सकाळी साहेबांनी यादी पाहिली. यादीत पाच हिर्लेकर होते. "पाचही जातील," ते म्हणाले. फिटर दत्तोबा विमानाच्या पोटाखाली वाकून आला आणि हात पुसत म्हणाला, "एवढं वजन नाही उचलणार. बॉम्ब न्या, नाहीतर भाऊ न्या."

"बॉम्ब उतरव," मार्तंड म्हणाला. विचार करायलाही तो थांबला नाही.

तिघे बॉम्बच्या कप्प्यात अंग चोरून बसले. श्रीपादनं एकेकाच्या कमरेला दोरी बांधली. सदूच्या दोनदा बांधली.

"वेळेवर सोडशील ना?" सदूनं विचारलं.

"काय?"

"दोरी."

श्रीपादनं गाठ आणखी आवळली.

त्या दिवशी आभाळ नेहमीपेक्षा लहान होतं. दोन्ही पंखांची टोकं ढगांना घासत होती. नदी आली, वळण आलं. खाली काळ्या पडलेल्या वाशांमध्ये एकच घर उभं होतं.

पायांखालच्या पत्र्यातून सदूचा आवाज आला. "दादा, इथंच. आई उभी आहे खाली."

"आई वेंगुर्ल्याला आहे," मार्तंड म्हणाला.

"तीसुद्धा."

मार्तंडनं एक घिरटी घातली. मग म्हणाला, "श्रीपा, नीट बघून सांग. काय दिसतं?"

श्रीपादनं वाकून पाहिलं. अंगण झाडून ठेवलेलं होतं. त्यानं कधीही न पाहिलेली एक बाई तिथं जेवणासाठी केळीची पानं मांडत होती. तिनं तीन पानं मांडली. डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग घरात गेली आणि आणखी दोन पानं घेऊन आली.

श्रीपादनं दिसलं तसं सांगितलं. पाठीमागे मार्तंडनं इंजिनाचा वेग कमी केल्याचं त्याला जाणवलं. खाली वारा सुटला होता. ती बाई लगबगीनं एकेका पानावर दगड ठेवत होती.